आवाज ऐकून धावत आलेली साक्षीदार

ते प्रकरण आठवलं की आजही आधी राग येतो, आणि तो गुन्हेगाराचा नाही, आमच्या ठाण्याचा. म्हणजे माझाच. बेंगळुरूतल्या एका जुन्या वस्तीच्या ठाण्यात मी तेव्हा इन्स्पेक्टर होतो.

सकाळी अकराच्या सुमारास पाठीवर जेवणाची पेटी लावलेला एक डिलिव्हरीवाला ठाण्यात शिरला. पहाऱ्यावरच्या शिपायाने आत ओरडून विचारलं, “जेवण कोणी मागवलं?” कोणीच मागवलं नव्हतं. तो माणूस मान हलवत हातांनी भराभर काहीतरी सांगत होता. त्याला ऐकू येत नाही हे कळायला आमच्या लोकांना दहा मिनिटं लागली. आणि कळल्यावर त्यांनी काय केलं? आवाज चढवला.

शेवटी त्याने फोनवर मोडक्या इंग्रजीत टाइप केलं, ‘विंडो गर्ल से. आंटी डाय. मॅन हिट.’ ठाणे अंमलदाराने त्यातला ‘हिट’ तेवढा वाचला आणि अपघाताची तक्रार समजून त्याला वाहतूक पोलिसांकडे धाडलं. दीड तासाने तो परत आला. वाहतूकवाल्यांनी त्याला आमच्याकडेच पाठवलं होतं. या वेळी त्याने हेल्मेट टेबलावर आपटलं. त्या आवाजाने मी केबिनमधून बाहेर आलो.

“सर, सरकारी कामात अडथळा. आत बसवू का?” अंमलदाराने विचारलं.

खरं सांगतो, मी ‘बसवा’ म्हणणारच होतो. दुपारी मंत्र्यांचा बंदोबस्त होता, निम्मे लोक तिकडे गेले होते. तेवढ्यात त्याने फोन माझ्या तोंडासमोर धरला. व्हिडिओ कॉलवर एक बाई होत्या. कर्णबधिरांच्या शाळेत शिकवणाऱ्या.

“सर, हा सकाळपासून मला फोन करतोय. मी वर्गात होते, आत्ता जेवणाच्या सुट्टीत पाहिलं,” त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. “स्वल्प, थोडं शांतपणे ऐकाल का?”

मग त्यांच्या तोंडून सगळं कळलं. सकाळी हा गाडीला टेकून एका मित्राशी व्हिडिओ कॉलवर हातांनी बोलत होता. समोरच्या इमारतीतल्या एका मुलीने ते दुसऱ्या मजल्यावरून पाहिलं आणि खिडकीत टॉवेल हलवून त्याचं लक्ष वेधलं. चार दिवस ती येणाऱ्या-जाणाऱ्यांना खुणा करत होती. लोक वेडी समजून निघून जात होते. हातांची भाषा समजणारा हा पहिलाच माणूस तिला दिसला. तिने त्याला सांगितलं, मावशी पडून मेली नाही, तिच्या नवऱ्याने तिला मारलं. मला कोंडलंय. फोन काढून घेतलाय.

“पोलीस येऊन गेले, असंही ती म्हणते,” बाई म्हणाल्या. “पण त्यांनी तिला काही विचारलंच नाही.”

बाईंनी पत्ता सांगितला. तो पोलीस मी होतो.

आठ दिवसांपूर्वी त्या घरातली बाई न्हाणीघरात घसरून गेल्याची खबर आली होती. नवरा सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर. माझी नेमप्लेट वाचून तो थेट मराठीत बोलायला लागला. मी निपाणीकडचा. परमुलखात मराठी कानावर पडली की माणूस सैलावतो. मीही सैलावलो. घरात तिसरी फक्त बाईंची भाची होती, जन्मापासून बहिरी, आईवडील नसलेली. पंचनामा झाला, शवविच्छेदनात डोक्याला मार लागल्याचं आलं, अकस्मात मृत्यूची नोंद झाली.

मी ती फाइल मागवली. भाचीचा जबाब काढला. तिच्या खुणांचा अर्थ मावशीच्या नवऱ्याने सांगायचा आणि आमच्या लेखनिकाने लिहायचं, असा तो घेतला होता. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, ‘मी माझ्या खोलीत झोपले होते. मावशी पडल्याचा आवाज ऐकून धावत आले.’

आवाज ऐकून! जन्मात कधी आवाज न ऐकलेल्या मुलीचा जबाब, आणि खाली माझी सही. लेखनिकाने वाचला, मी वाचला, वरिष्ठांकडे गेला. एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही.

मग आणखी एक आठवलं. त्या दिवशी ती माझी बाही ओढून सारखी स्वयंपाकघराकडे बोट दाखवत होती. “काय म्हणतेय?” मी विचारलं. नवरा म्हणाला, “साहेब कॉफी घेणार का, विचारतेय.” आणि मी म्हणालो, साखर कमी.

शिक्षिकाबाईंना शाळेतून घेऊन, हवालदारबाईंसह आम्ही तासाभरात त्या घरी पोचलो. दार त्यानेच उघडलं.

“अहो साहेब, मावशी गेल्यापासून तिच्या डोक्यावर परिणाम झालाय. हातवारे करत बसते.”

“तुम्ही बाहेर बसा. आज तुमची गरज नाही.”

मुलगी चाळीस मिनिटं न थांबता हातांनी सांगत राहिली. बाईंना दोनदा तिला ‘हळू’ म्हणावं लागलं. नवराबायकोचं भांडण या मुलीवरूनच झालं होतं. त्याला तिला कुठल्यातरी आश्रमात टाकायचं होतं, मावशी ऐकत नव्हती. त्याने मावशीचे केस धरून डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं, मग तिला न्हाणीघरात ओढत नेऊन वर पाणी ओतलं. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ओटा त्याने चकचकीत धुतला होता. पण ओट्याची फरशी आणि भिंत यांच्या फटीत न्यायवैद्यक पथकाला रक्त मिळालं, आणि ते मावशीचंच निघालं.

ठाण्यात त्याला मी एकच प्रश्न विचारला. “जबाबात ‘आवाज ऐकून’ असं आहे. तिला तो ऐकू कसा आला?”

त्याने कागद पुढे ओढून ती ओळ वाचली. मग म्हणाला, “तशी बोलायची पद्धत असते, साहेब.”

“कोणाची पद्धत? तिची की तुमची?”

त्याने वकील मागितला.

पुढचा वैताग कोर्टातला. दुभाषी नाही म्हणून तारीख, दुभाषी आला तर न्यायाधीश रजेवर. बचावाचा वकील म्हणाला, हातवाऱ्यांना काय पुरावा मानायचं? मुलगी साक्षीच्या पिंजऱ्यात दोन दिवस उभी राहिली आणि एका शब्दाने हलली नाही. त्याला जन्मठेप झाली. डिलिव्हरीवाल्याचं खातं मात्र त्या दिवशीच्या न पोचलेल्या जेवणापायी कंपनीने बंद केलं. ते सुरू करून घ्यायला मला आठवडाभर फोन करावे लागले. खुनाचा तपास त्यापेक्षा सोपा गेला.

साक्षीदार खोटं बोलतो का, हे ओळखण्यात आम्ही पोलीस हुशार समजले जातो. पण साक्षीदाराच्या वतीने कोण बोलतंय, हा त्याहून आधीचा प्रश्न. तो मला खूप उशिरा सुचला. नातेवाईक दुभाषी नसतो. तोही एक साक्षीदार असतो, कधी आरोपी असतो. इतकी साधी गोष्ट प्रशिक्षणात कोणी शिकवली नव्हती, आणि मी ती ज्यांना शिकवायला गेलो त्यांनीही फारशी मनावर घेतली नाही.

निकालाच्या दिवशी ती मला कोर्टाच्या व्हरांड्यात भेटली. मी शिक्षिकाबाईंना म्हणालो, “तिला सांगा, माझं चुकलं. साहेब तुझी माफी मागताहेत.”

तिने बाईंचे हात बघितले, मग माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली. बाई अडखळल्या.

“सांगा ना, काय म्हणाली?”

“म्हणतेय, माफी माझी मागताय ना? मग बघताय कोणाकडे?”

मी तिच्याकडे वळलो आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.