फाटकावरची परीक्षा

किहीमजवळच्या सेमिनरीत पाद्री व्हायला येणाऱ्या मुलांना घरचे सांगत, बायबल घे, चटई घे. फाटकाजवळची बाग राखणाऱ्या माळ्याविषयी कुणी सांगत नसे, आणि खरी प्रवेशपरीक्षा तर तोच घ्यायचा! मी तिथल्या परदेशी पाद्र्यांना मराठी शिकवायला जात असे, त्यामुळे हे नाटक मी पहिल्या रांगेतून पाहिलं आहे.

माळी जन्मानं महार, आता ख्रिस्ती. नवा मुलगा आला की हा मिशी पिळायचा, घसा खाकरायचा आणि स्वतःच्या मडक्यातलं पाणी पुढे करायचा. मुलगा प्यायला की फाटक उघडायचं.

एकदा पुण्याचा एक उमेदवार आला. त्याचे आजोबा ब्राह्मणाचे ख्रिस्ती झालेले. भर उन्हात चालून आला होता, तरी म्हणाला, “तहान नाही.”

माळी भडकला. “तान न्हाय? व्हट फुटल्यात तुमचं! उद्या देवळात समद्यांना एका पेल्यातनं प्रभुभोजन देनार, आन माझ्या पान्यानं बाटताय व्हय? जा माघारी!”

माझंही डोकं तापलं. धर्म बदलला, पण सोवळं सुटलं नाही!

मुलगा लालबुंद झाला. मग त्यानं मडकंच उचललं आणि घटाघटा प्यायला. फाटक उघडलं.

“शाब्बास!” मी टाळी वाजवून ओरडलो.

माळ्याची नजर माझ्या हातातल्या, घरून भरून आणलेल्या तांब्यावर गेली.

“तुमी गप बसा, मास्तर,” तो म्हणाला. “तुमाला पाद्री व्हायचं न्हाय, म्हनून तीन वर्सं मी काय बोललो न्हाय.”