आठवा प्रश्न आणि चाळीस मिनिटे

सोमवार, माघ महिना, सन १९५४. सकाळी दाट धुके, दुपारी लख्ख ऊन, सायंकाळी गार वारा.

हवामान टिपल्याशिवाय मला पुढचे लिहिताच येत नाही. आणि या टिपण्याच्या खोडीनेच माझी काय शोभा केली, ते आता कोणत्या तोंडाने सांगू? पण चहा समोर आहे, तर सांगतोच.

मी गोंदियात एका राइस मिलमध्ये टाइमकीपर. वेळेवर भोंगा वाजवायचा, हे माझे काम. शाळा चौथीपर्यंत; पुढचे आपले आपण वाचून शिकलो. कोण किती वाजता कुठून गेले, हे वहीत लिहून ठेवल्याशिवाय मला झोप येत नाही.

माझे मित्र तीन मैलांवरच्या नागऱ्याच्या शाळेचे हेडमास्तर. राहायला गोंदियात, शाळेत जाणे-येणे सायकलने. त्यांची मुलगी सुमन त्या साली सातवीच्या फायनलला बसणार होती. वर्गाच्या सरावासाठी गणिताचे बारा प्रश्न त्यांनी मला लिहायला सांगितले. मला, चौथी पास माणसाला! चार दिवस मी जमिनीवर नव्हतो.

अट एकच होती. पुस्तकातला एकही प्रश्न घ्यायचा नाही. मी भीत भीत विचारले, आकडे बदलून घेतला तर?

"टाइमबाबू," ते म्हणाले, "दुसऱ्याच्या बैलाची शिंगं रंगवली म्हणून तो आपला होत नाही. ती चोरीच. आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं लिहा."

डोळ्यांनी पाहिलेले? त्याच्या तर माझ्याकडे अकरा वह्या भरलेल्या! मी लिहीत सुटलो. त्यातला आठवा प्रश्न असा: 'एक गृहस्थ सायंकाळी पाच वाजता शाळेतून सायकलने निघाला. घर तीन मैल. वेग ताशी सहा मैल. वाटेत रेल्वेचे फाटक पाच मिनिटे बंद होते. तो सव्वासहा वाजता घरी पोचला. तर वाटेत तो आणखी किती वेळ थांबला?' आणि नववा: 'दोन गृहस्थ रोज मिळून पाव शेर जिलेबी खातात. रविवार सोडून आठवड्यात किती जिलेबी लागेल?'

नाव कुणाचेच नाही. मग भीती कसली?

हेडमास्तरांनी प्रश्न तपासले ते फाटकाजवळच्या हॉटेलात. वैद्याने त्यांना साखर बंद केली होती, त्यामुळे तिथले आमचे रोजचे बसणे आम्हा दोघांतच होते. मीही घरी दुसरेच काही सांगितले होते. ते पुढे येईल. आठवा प्रश्न वाचून ते म्हणाले, "हा गृहस्थ मोठा रिकामटेकडा दिसतो." नववा वाचला आणि बोटावरचा पाक चाटत म्हणाले, "इतकी जिलेबी कोण खातं हो?" मग खूश होऊन त्यांनी कागदाच्या माथ्यावर स्वतःच्या हाताने लिहिले: 'सर्व प्रश्न लेखकाने प्रत्यक्ष पाहून लिहिले आहेत.'

तिसऱ्या दिवशी, म्हणजे त्या सोमवारी, संध्याकाळी मास्तरीणबाई आमच्या ओसरीवर हजर. हातात तो कागद. मागे हेडमास्तर, चेहरा पार उतरलेला. सुमनने आठवा प्रश्न घरी मोठ्याने वाचून सोडवला होता, आणि तिची आई शेजारी तांदूळ निवडत होती. उत्तर चाळीस मिनिटे. मास्तर रोज उशिराचे कारण फाटक सांगत. मी पडलो काटेकोर, फाटकाची पाच मिनिटे वेगळी काढून ठेवलेली. आणि तांदूळ निवडून होईतो पोरगी नवव्यावर पोचली होती.

"भाऊजी," बाई शांतपणे म्हणाल्या, "हा जिलेबी खाणारा गृहस्थ कोण जी?"

आता मित्राला वाचवायचे तर मार्ग एकच. मी चोर व्हायचे. मान खाली घालून म्हणालो, वहिनी, खरे सांगतो, हे प्रश्न मी एका जुन्या पुस्तकातून उतरवले.

बाईंचा चेहरा निवळू लागला होता. सुटलोच होतो आम्ही! पण हेडमास्तरांना चोरी सोसली नाही.

"कोणत्या पुस्तकातून?" ते एकदम पुढे आले. "मी सगळी पुस्तकं पालथी घातली आहेत. असा प्रश्न कुठ्ठंच नाही. टाइमबाबू, स्वतःवर खोटा आळ घेऊ नका. प्रश्न अस्सल आहे, तुम्ही स्वतः पाहून लिहिलेला आहे!"

मग त्यांना कळले आपण काय बोललो ते. ते हळूच ओसरीच्या कडेला बसले.

मी म्हटले, चला, निदान बुडाला तो एकटाच. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून माझ्या बायकोचा आवाज आला. तो भलताच मऊ होता.

"काहो, तुमी तं मिल सुटली का रोज नागऱ्याच्या महादेवाले जाऊन राहिले ना? मले बेलाचं पान आणून देता. मंग मास्तर रस्त्यात चाळीस मिनिटं बसून राहिले, हे तुमाले कसं मालूम?"

बेलाचे झाड हॉटेलाच्या मागेच होते.

तिने कागद हातात घेतला, नवव्या प्रश्नावर बोट ठेवले आणि मास्तरीणबाईंना म्हणाली, "बाई, दुसरा गृहस्थ सापडला."

मंगळवारची नोंद: धुके नाही. पाचचा भोंगा वेळेवर. नंतर बायकोसह पायी नागऱ्याला, महादेवाचे दर्शन. जाऊन-येऊन सहा मैल, दोन तास दहा मिनिटे. फाटक दोन्ही वेळा पाच-पाच मिनिटे बंद. जिलेबी: निरंक.