जरा मागे होतो

"माणूस नीट पाहायचा असेल, तर त्याच्यापासून लांब जावं लागतं," असं आमचा समोरचा शेजारी म्हणायचा. वाक्य एखाद्या आश्रमाच्या भिंतीवर शोभेल असं होतं. तो मात्र ते पंच्याऐंशी एमएमच्या लेन्सबद्दल म्हणायचा, आणि म्हणता म्हणता उलटा चालत चपलांच्या स्टँडवर आदळायचा.

"जरा मागे होतो," हे त्याचं दुसरं वाक्य. भांडुपच्या आमच्या इमारतीत ते ऐकू आलं की लोक कुंड्या आत घेत.

नाव सांगत नाही. असा एखादा तुमच्याही मजल्यावर असेल. लग्न राहून गेलेला, आईबरोबर राहणारा, दिवसा चारकोपच्या एका कारखान्यात खोक्यांवरच्या मजकुराची मांडणी करणारा. 'ही बाजू वर', आणि शेजारी बाण. आतला कलाकार गुदमरायला लागला म्हणून त्याने कॅमेरा घेतला. कॅमेरा एका दुपारी ठरला. लेन्स ठरायला दिवाळीपासून गणपती उजाडले.

"ढीगभर लेन्स हौशी लोक घेतात रे," तो म्हणाला. "कलाकाराची एकच असते. आधी आपली शैली ओळखायची, मग लेन्स."

"तुझी शैली कुठली?"

"तेच शोधतोय ना यार."

शोध असा, की फोनमधले जुने सगळे फोटो पाहायचे आणि आपला हात आपोआप कुठे वळतो ते ताडायचं. मीही शेजारी बसायचो, कारण त्याच्या आईचा चहा चांगला असे. फोटोंत चेहरेच चेहरे होते. आईचा चेहरा, भाचीचा चेहरा, मोदक खाणाऱ्या मावशीचा चेहरा. मान संपली की फोटो संपला.

"बघ," तो आवाज खाली आणून म्हणाला, "मी पोर्ट्रेटचा माणूस आहे."

"अरे, तुझी खोली दहा बाय बारा आहे. मागे भिंत लागते, म्हणून चेहरेच येतात."

नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाने कवितेवर मत द्यावं, तसा तो माझ्याकडे बघत राहिला.

तर ती लेन्स आली. चेहरे देखणे काढणारी आणि पाठीमागचं सगळं लोण्यासारखं विरघळवणारी. अट एकच, समोरचा माणूस लांब हवा. त्या घरात इतकं लांब कुणालाच जाता येत नव्हतं. मोरीच्या दारात उभं राहून त्याने आईचा पहिला फोटो काढला. त्यात एक भुवई आणि चष्म्याची काडी आली. तो म्हणाला, हे अमूर्त आहे. आई म्हणाली, "ह्या म्हातारीचा बाकीचा खंय गेला?"

आईचं म्हणणं साधं होतं. तिचे गुडघे गेलेले, इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे ती चौथ्या मजल्यावरून खाली उतरत नसे. तिला भिंतीवर लावायचा आपला फोटो स्वतः पसंत करायचा होता. "माका तो जित्यापणी बघूचो आसा. मेल्यावर तुमी खंयचो लावतलात, काय भरवसो नाय. आणि पाठी फ्रिज येवक होयो." फ्रिज नवा होता, दोन दारांचा.

"फोन आहे की," मी त्याला म्हणालो.

"आईचा फोटो फोनवर?" त्याने असं विचारलं, की मला माझ्या आईची माफी मागावीशी वाटली.

एका रविवारी त्याने आईला उंबऱ्याच्या आत खुर्चीवर बसवलं. आमचं दार बरोबर समोर. तो उलटा निघाला. जिना ओलांडला, आमचा उंबरा ओलांडला, आमचा टीव्ही, आमचा दिवाण मागे टाकत स्वयंपाकघरापर्यंत आला.

"भावोजी, मागे कुकर आहे!" माझी बायको ओरडली.

"वहिनी, दोन इंच. जरा मागे होतो."

कुकरची शिट्टी झाली. पलीकडून आई ओरडली, "मेल्या, भाजशील!" आणि त्याच क्षणी त्याने बटण दाबलं. ही गंमत बहिणीला पाठवायची म्हणून बायकोनेही त्याच्या मागून फोनवर एक फोटो काढला.

त्याचा फोटो खरोखर सुंदर होता, हे मला मान्य करावं लागलं. सुरकुतीन् सुरकुती जिवंत, डोळ्यांत राग आणि काळजी एकत्र. आईने तो बराच वेळ पाहिला.

"माझा घर खंय गेला रे? फ्रिज खंय गेलो?"

"आई, त्याला कला म्हणतात."

"माका धुक्यात बसयलंस."

मग बायकोने सहज आपला फोन पुढे केला. त्यात दोन दारं, दारात खुर्ची, खुर्चीत ओरडणारी आई, उजवीकडे अख्खा फ्रिज आणि डावीकडे, पुढेच, कॅमेरा डोळ्याला लावलेल्या मुलाचं डोकं, मागून. टक्कल स्पष्ट.

"ह्यो बरो," आई म्हणाली. "ह्यात घर आसा, मी आसंय. तू पण आसस."

त्याने लेन्सला झाकण लावलं. पुढचे चार दिवस तो आमच्याकडे आला नाही.

पुढच्या वर्षी आई गेली. तो नाहूरला राहायला गेला. तिथला हॉल लांबलचक आहे, ती लेन्स तिथे नेमकी बसते. समोर कुणाला बसवायचं, हा विषय त्याने काढला नाही, मीही नाही.

वर्षश्राद्धाला आम्ही गेलो. भिंतीवर बायकोने काढलेलाच फोटो होता, मोठा करून, फ्रेममध्ये. मालवणहून आलेले त्याचे मामा हार हातात घेऊन थबकले.

"अरे, ह्यात तू आसस. जित्या माणसाक हार घालतत काय? कापून टाक तुझा टकला."

"कापायचं नाही, मामा. आईने पसंत केलाय."

बराच खल झाला. शेवटी मामांनी हार उजव्या कोपऱ्यात सरकवून अडकवला. तो फक्त फ्रिजला पडतो.