भिवाची इंग्रजी चिठ्ठी

झटका येण्याआधी भिवा धोतर नीट खोचून घ्यायचा. मग कल्याणच्या बाजारात आडवा पडायचा, तोंडाला फेस यायचा आणि लोक आणे टाकून पुढे जायचे.

माझे वडील तिथल्याच तांदळाच्या वखारीत हमाल होते. कॉलेजात जाणारा आमच्या घरातला मी पहिलाच. दुपारी वखारीच्या ओट्यावर मी वाचत बसलो की भिवा शेजारी टेकायचा. त्या वर्षी आम्हाला चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या भटक्या-भामट्यांवर निबंध होता. ते तोंडात साबण धरून फेस काढत, असं मी सांगितलं, तेव्हा त्याने नाक मुरडलं.

"साबण? जीभ जळंल की. रिठा धरावा."

पुढे तोच मला शिकवू लागला. नकली जखमेवर माशी कशी बसवायची, कोणत्या दारी रडायचं, कोणत्या दारी नाही. वर म्हणायचा, "सोंग लोकांसाठी, भूक आपल्यासाठी."

तिकडे सरकार अशांना फटके मारी, दाखला असला तर सोडून देई, म्हणून लिहिता येणारे काही जण खोटे दाखले करून देत, हेही मी सांगितलं. त्या दिवसांत आमच्याकडेही पोलीस भिकाऱ्यांना धरून भिक्षेकरीगृहात कोंडत होते. दोन दिवसांनी भिवा म्हणाला, "पोरा, मला एक लिहून दे. कोंडल्यावर मी जगायचो नाही."

मी घाबरलो. पण लिहून दिलं: हा माणूस आमच्या वखारीत हमाल आहे. खाली वखारीच्या शेठची सही, तीही मीच केलेली. योग्य केलं का, अजून सांगता येत नाही.

चारच दिवसांत हवालदाराने भिवाला वखारीसमोर धरलं. चिठ्ठी उलटसुलट पाहिली आणि हसला. शेठचा सगळा कारभार मोडी लिपीत चाले. मी मात्र जमेल तितक्या सुंदर इंग्रजीत लिहिली होती. कोणी लिहिली, असं त्याने दरडावून विचारलं. वडील पाठीवर पोतं घेऊन थबकले. मी पुढे झालो. "मी," एवढंच म्हणालो.

"साहेब, याचं ऐकू नका," भिवा म्हणाला. "याला खोटं बोलायचं वळण नाही. बघा कसा कापतोय. चिठ्ठी मी ठाण्याच्या बाजारात विकत घेतली."

हवालदाराने चिठ्ठी फाडली. भिवा स्वतःच पोलिसांच्या गाडीत चढला, माझ्याकडे न बघता.

वडिलांनी पोतं उतरवलं. म्हणाले, "रविवारी त्याला भाकरी घेऊन जा. कोण लागतो विचारतील, तर खरं सांग."

रविवारी दारावरच्या शिपायाने विचारलंच. मी म्हणालो, "त्यांच्याकडे शिकलो."