नेपल्सला दिलेली लेक

माझा धाकटा भाऊ इटलीत, नेपल्सच्या बंदरावर नोकरीला आहे. गेल्या उन्हाळ्यात त्यानं आईला, दादांना आणि मला तिकडं बोलावून घेतलं. दादा म्हणजे आमचे वडील. दोघांचा सगळा जन्म आमच्या गावी, तेरला, शेतीत गेलेला. तिरुपतीला जाऊन आले होते, तोच आजवरचा मोठा प्रवास.

भावाला सुट्टी मिळाली त्या दिवशी आम्ही चौघं जुनं शहर बघायला पायी निघालो. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरच्या घरांतली माणसं हात लांब करून मीठ-मिरची देतील. वर माळ्यामाळ्यांवर दोऱ्या बांधून धुणं वाळत घातलेलं. एका म्हातारीनं चौथ्या मजल्यावरून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडली, भाजीवाल्यानं तीत वांगी आणि टोमॅटो भरले, टोपली डुलत डुलत वर गेली. ती खिडकीत नाहीशी होईपर्यंत आई मान वर करून उभी होती.

पुढं एका चौकात मधोमध मोठा खड्डा होता आणि त्याला कठडा केलेला. आत खोलवर दगडी भिंत दिसत होती. भाऊ म्हणाला, "दादा, ही इथल्या पहिल्या गावाची भिंत. ग्रीक लोकांनी बांधलेली. आपण चालतो तो रस्ता तिच्या डोक्यावरनं गेलाय."

दादा कठड्यावर वाकले. "म्हंजी तेरवाणीच की. गावाखाली गाव."

तेरला नांगरट केली की अजूनही शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, रंगीत मणी वर येतात. त्यामुळं दादांना जुन्या गोष्टींचं अप्रूप नव्हतं. पण त्या भिंतीपाशी ते बराच वेळ रेंगाळले. दगडावर दगड कसा बसवलाय ते बोटानं हवेत आखून बघत होते.

दुपारी आम्ही वस्तुसंग्रहालयात गेलो. डोंगरातून आग आणि राख येऊन पोंपेई नावाचं गाव गाडलं गेलं, त्या गावातून खणून काढलेलं सगळं तिथं मांडलंय. संगमरवरी माणसं, जळून कोळसा झालेले पाव, बायकांचे आरसे. मला मात्र एकच वस्तू बघायची होती. पोंपेईत हस्तिदंताची एक भारतीय बाई सापडली आणि तशीच एक आमच्या तेरलाही निघाली, हे मी वाचलं होतं. पोंपेईची ती तेरहूनच गेली असावी, असं काही अभ्यासक म्हणतात.

अडचण अशी की ती ठेवलेली होती लोखंडी दारामागच्या खास दालनात, जिथं जुन्या लोकांची शृंगाराची चित्रं आणि मूर्ती आहेत. भाऊ लाजून म्हणाला, "ताई, आपण दोघंच जाऊन येऊ. ह्यांना बाहेर बसवू."

आईनं ऐकलं. "का रं? आपल्या देवळांच्या भिंतीवर काय कमी हाय का? चल."

आम्ही खाली बघत बघत आत गेलो. आई मात्र सरळ बघत गेली.

काचेच्या पेटीत ती उभी होती. वीतभर उंचीची. पायात गुडघ्यापर्यंत वाळे, हातात कोपरापर्यंत बांगड्या, एक हात मानेमागं नेलेला. दोन बाजूंना दोन लहानग्या दासी. मी फोटो पाहिले होते, पण तिच्यासमोर माझ्या अंगावर काटा आला. एवढीशी वस्तू. बैलगाडीतून, मग जहाजातून, कुणाच्या सामानात गुंडाळलेली आली असेल. ज्या गावात पोचली ते गाव राखेत गेलं, आणि ही राहिली.

आई पेटीमागं गेली. "वेणी बघ की कशी घातलीय. आन् बांगड्या तांड्यावरल्या बायांसारख्या."

भावानं पाटी वाचून सांगितलं, "आई, दोन हजार वर्षांपूर्वी आलीय ही. आपल्या देशातनं."

आई पुन्हा पेटीसमोर आली. मग हळूच म्हणाली, "इतक्या दिसांत माहेरचं कुणी आलं नसंल गं हिच्याकडं."

दादांनी टोपी काढून हातात घेतली होती. त्यांचे डोळे भरून आले होते. ते कधी रडलेले मी पाहिले नव्हते.

आईनं काचेला न लावता दोन्ही हात त्या बाईवरून उतरवले आणि कानशिलांवर बोटं मोडली. कोपऱ्यातली पहारेकरी बाई उठून आली. मला वाटलं, आता रागावणार. तिनं भावाला काहीतरी विचारलं. "आई काय करतीय विचारतायत," तो म्हणाला, आणि त्यानं तिला दृष्ट काढणं काय असतं ते त्यांच्या भाषेत समजावलं. आम्ही त्या मूर्तीच्या गावचे आहोत, हेही सांगितलं.

बाईचा चेहरा एकदम बदलला. तिनं सदऱ्याच्या आतून गळ्यातली साखळी ओढून काढली. तिला लाल मिरचीसारखं एक छोटं शिंग लटकत होतं. भाऊ हसला. "नजर लागू नये म्हणून हे लोक घालतात."

"आमी दाराला खऱ्या मिरच्या बांधताव," आई तिला मराठीतच म्हणाली. बाईनं मान डोलावली, आणि स्वतःची खुर्ची उचलून आणून दादांसाठी पेटीसमोर ठेवली.

दादा बसले. माणसं येत होती, जात होती. आम्ही तिघं त्यांच्यामागं उभे राहिलो.

संध्याकाळी समुद्राकाठच्या कठड्यावर बसलो तेव्हा पलीकडं पोंपेई गाडणारा तो डोंगर दिसत होता, निळसर, शांत. त्याच्या उतारावर घरांचे दिवे लागत होते.

"हाच का त्यो?" दादांनी विचारलं.

"व्हय. अजून आत धग हाय म्हणतात," भाऊ म्हणाला.

"आन् लोक तिथंच राहत्यात?"

"राहतात की. द्राक्षं लावतात, टोमॅटो लावतात. राखेची माती लई चांगली."

दादा डोंगराकडं बघत राहिले. "आपल्याकडं भूकंपात लोहारा तालुक्याकडली गावं पडली, तवा आपून तरी कुठं गेलो," ते म्हणाले. मग त्यांनी आईला विचारलं, "थंडी वाजतीय का?" आईनं पदर कानांवरून घेतला आणि नाही म्हणून मान हलवली. अंधार पडून डोंगर दिसेनासा झाला, तरी आम्ही तिकडंच तोंड करून बसलो होतो.