चिमटा कॉलेज बघायला निघते

घरात तिला सगळे चिमटा म्हणत. तिने तोंड उघडलं की समोरच्याला कुठे ना कुठे लागायचंच. संध्याकाळी टीव्हीवर बातम्या सुरू झाल्या की हिचाही कार्यक्रम सुरू व्हायचा.

"रस्त्यावर पाणी साचलंय हे सांगायला हा बाबा गुडघाभर पाण्यात कशाला उभा राहिलाय? उद्या आग लागली तर काय करेल?"

आई तोंड दाबून हसायची. वडील म्हणायचे, "अगं, ऐकू दे की जरा."

शाळा संपल्यावर याच चिमट्याने रेडिओ-टीव्हीच्या पत्रकारितेची पदवी घ्यायची ठरवली, तेव्हा वडिलांना घाम फुटला. त्यांचं चष्म्याचं दुकान. माणूस इतका सरळ, की कोट घातलेल्या कुणीही काहीही सांगावं आणि यांनी मान डोलवावी. म्हणून कॉलेजं बघायला जाताना त्यांनी काकांना बरोबर घेतलं. काकांचं या क्षेत्रातलं ज्ञान म्हणजे, पार्किंगच्या एका भांडणात ते एकदा टीव्हीवर दिसले होते. तेही अर्धेच, उरलेले शेजाऱ्याच्या डोक्यामागे. पण तेव्हापासून बातम्यांच्या बाबतीत घरात शेवटचा शब्द त्यांचा.

पहिलं कॉलेज आरपार काचेचं. आत पाऊल टाकायचा अवकाश, एका मुलीने चिमट्याला खुर्चीत बसवून तोंडाला पावडर फासली. मग हिरव्या पडद्यापुढे उभं करून समोरच्या काचेवर सरकणारी चार वाक्यं वाचायला लावली. बाजूच्या टीव्हीवर तिच्यामागे पडद्याच्या जागी मोठं शहर झळकलं. वडिलांचे डोळे भरून आले.

"कॅमेऱ्याला ताईंचा चेहरा आवडलाय," तिथला कोटवाला म्हणाला.

"कॅमेऱ्याला कालपासून किती चेहरे आवडले?" चिमट्याने विचारलं. "ते राहू दे. इथल्या मुलांनी केलेली एखादी बातमी दाखवा."

त्याने मोठ्या हौसेने दाखवली. संस्थापकांचा वाढदिवस. दुसरी दाखवा म्हटलं, तर संस्थापकांच्या पत्नीचा वाढदिवस.

"पाहुण्यांना काहीही काय विचारतेस?" बाहेर आल्यावर काका चिडले.

"पाहुणे आपण होतो, काका. तो दुकानदार होता."

दुसऱ्या कॉलेजात दारासमोरच्या भिंतीवर 'आमचा अभिमान' म्हणून एका तरुणाचा पुरुषभर उंचीचा फोटो होता. हातात माईक, कपाळावर देशाची चिंता. काकांनी त्याच्यापुढे हात जोडायचेच बाकी होते. तेवढ्यात आतून प्रवेश विभागाचा कोट घातलेला माणूस हसत आला. चिमट्याने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे.

"अहो, हे तुम्हीच!"

"हो," तो लाजून म्हणाला. "मी इथलाच विद्यार्थी."

"मग कुठल्या वाहिनीवर असता?"

"सध्या इथेच असतो. ॲडमिशनला."

"आणि हा माईक?"

"तोही इथलाच."

वडील आयुष्यात पहिल्यांदा कोटवाल्यासमोर फसकन हसले. काका मात्र परतताना वाटभर म्हणत होते, निदान नोकरी तरी देतात ना?

तिसरं कॉलेज काकांना बघताक्षणी नापसंत. जिन्यात सायकली, कँटीनमधून जळक्या तेलाचा वास, स्टुडिओला कुलूप, आणि किल्ली ज्याच्याकडे तो सुट्टीवर. तिथल्या एका प्राध्यापक बाईंनी स्वागतबिगत काही केलं नाही. चिमट्याच्या हातात आवाज टिपायचं यंत्र दिलं आणि म्हणाल्या, "खाली जा. मिनिटभराची बातमी करून आण."

खाली चौकात दिव्याचा खांब एका भाजीच्या टेम्पोवर कोसळला होता. चिमट्याला हेच हवं होतं. रस्ते खात्याला तिने असं काही सोलून काढलं, की भोवतीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती रुबाबात वर आली.

बाईंनी अर्धं ऐकलं आणि यंत्र बंद केलं.

"टेम्पोत कोण होतं?"

चिमटा खिडकीतून खाली टेम्पोकडे बघायला लागली.

"कुणाला लागलं?"

"ते नाही विचारलं."

"टोमणे झकास मारतेस. घरचे हसत असतील. पण माणूस जगला की मेला, ते मला अजून कळलेलं नाही."

काका ताडकन उठले. "ही काय बोलायची पद्धत झाली? काचेच्या कॉलेजात हिचं कौतुक झालंय!"

"मग तिथे घाला," बाई म्हणाल्या आणि समोरचे पेपर तपासायला लागल्या.

चिमट्याचे कान लाल झाले होते. "या बाईची कुणी सहीसुद्धा मागत नसेल," असं काहीबाही पुटपुटत ती जिना उतरली. टेम्पो अजून तिथेच होता. शेजारच्या पायरीवर त्याची चालक बसली होती, मनगटाला कुणाचा तरी रुमाल गुंडाळलेला. चिमटा तिच्याजवळ जाऊन बसली. चालक सांगत होती, खांब वाकलाय म्हणून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानदाराने आठवडाभर रस्ते खात्याला फोन केले होते. मग चिमटा त्या दुकानदाराकडे गेली. वडील आणि काका जिन्यात ताटकळत उभे.

या वेळी बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. "आता बातमी आहे," त्या म्हणाल्या. "लांबलीय. तुझा आवाजही नको तिथे चढतो."

घरी पोचेपर्यंत चिमटा मनातल्या मनात बातमीतली वाक्यं कापत होती. दाराशी चप्पल काढता काढता वडिलांना म्हणाली, "बाबा, मी तिथेच जाणार."

"अगं, ती बाई तुला वाट्टेल ते बोलली!"

"हो ना. बाकीचे तर बोललेच नाहीत. नुसते विकत होते."

काकांनी अबोला धरला. तो पुढे बरेच दिवस टिकला, आणि त्याने घरात शांतता नांदली.

कॉलेज काही सोन्याचं निघालं नाही. एक सर पिवळ्या पडलेल्या नोट्स वाचून दाखवत, दुसरे तेवढेही करत नसत, आणि किल्लीवाल्याची सुट्टी कधी संपलीच नाही. सुट्टीत घरी आली की चिमटा एकेकाची नक्कल करायची. आई म्हणायची, "मग बदल ना कॉलेज."

"एक बाई धड आहेत, आई. दुसरीकडे तेवढंही नव्हतं."

त्या बाईंनी तिला शेवटच्या वर्षापर्यंत शाबासकी दिली नाही. हिनेही कधी मागितली नाही, पण सगळ्यात वाईट शेरा मिळालेली बातमी ती पुन्हा पुन्हा करत राहिली. आता ती रेडिओच्या बातमी विभागात आहे. सकाळचं बातमीपत्र लिहिते, कधी वाचतेही. नातेवाईक विचारतात, "अगं, दिसत कशी नाहीस कुठे?" तेव्हा ती त्यांना काय सांगते, ते इथे न लिहिलेलंच बरं.