खाडा आणि रजा

टाइमकीपरकाकांनी आयुष्यात कुणालाही नोकरी लावून दिली नाही. हे मी माझ्या मनचं सांगत नाही. ते स्वतःच सांगायचे, आणि तेही तरुणांना रोजगार मिळवून देणाऱ्या आमच्या केंद्रात, केंद्राला पैसे देणाऱ्या फाउंडेशनच्या मॅडम समोर बसलेल्या असताना. "नोकरी लावून देणारे पुष्कळ आहेत," ते म्हणाले. "मी माणूस कामावर परत नेऊन सोडतो." मॅडम मुंबईच्या, पण समजूतदार. त्यांनी हसून चहाचा कप खाली ठेवला. मी टेबलाखालून काकांच्या चपलेवर पाय दिला. काकांनी चप्पल बाजूला घेतली आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

चौक गावात, जुन्या हायवेच्या कडेला, एका टायरच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या होत्या. खाली हवा भरायच्या मशीनची धडधड, वर माझं समुपदेशन. फाउंडेशनने तीन वर्षांसाठी पैसे दिले होते. कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरच्या मुलामुलींना आसपासच्या कंपन्यांत काम मिळवून द्यायचं, मनाने खचलेल्यांशी बोलायला मी, आणि कामाला लागलेल्यांच्या पाठीशी उभं राहायला एक अनुभवी माणूस. कागदावर त्या माणसाला 'मेंटॉर' म्हटलं होतं. काकांनी पहिल्या दिवशी तो शब्द वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "ह्याची ड्यूटी किती वाजता?"

खोपोलीच्या एका कारखान्यात ते एकतीस वर्षं टाइम ऑफिसात होते. म्हणजे गेटपाशी खिडकीत बसायचं, कोण आलं, कोण उशिरा आलं, कोण आलंच नाही हे लिहायचं. कारखाना बंद पडून जमाना झाला, काकांचं घड्याळ मात्र चालूच होतं. ते मनगटाच्या आतल्या बाजूला बांधत. "आठ म्हणजे सात पन्नास" हा त्यांचा हिशेब. मी कर्जतहून शेअर रिक्षाने येणार, रिक्षा भरेपर्यंत थांबणार, दहा मिनिटं उशीर ठरलेला. काका एक शब्द बोलत नसत. नुसतं मनगट उलटं करून बघत. त्यापेक्षा ओरडणारा माणूस परवडला, असं मला रोज वाटायचं.

खरं सांगायचं तर पहिले काही महिने मला त्यांचा रागच यायचा. मी एमएसडब्ल्यू झालेली, माझ्याकडे प्रश्नावल्या होत्या, गोपनीयतेचे नियम होते, भिंतीवर भावनांचे रंगीत चेहरे लावलेला तक्ता होता. ह्या गृहस्थांकडे काय, तर दोन शब्द. खाडा आणि रजा. "सांगून घरी राहिला ती रजा," ते म्हणायचे. "न सांगता राहिला तो खाडा. रजेवरचा माणूस परत येतो. खाडा झालेला येत नाही. त्याला कंपनी काढत नाही गं, तोच स्वतःला काढतो."

हे मला पटायला वनिता यावी लागली. वनिता कर्जतच्या वरच्या अंगाला असलेल्या एका ठाकरवाडीतली. आमच्यामार्फत कुंभिवलीच्या खोक्यांच्या कंपनीत लागलेली, कामाला चोख. तिची आजी गेली आणि ती बारा दिवस वाडीवर राहिली. कुणाला फोन नाही, निरोप नाही. मी आणि काका चढून गेलो तेव्हा तिने कंपनीचा टी-शर्ट धुऊन, घडी करून, ओळखपत्रासकट प्लास्टिकच्या पिशवीत भरून ठेवला होता. परत द्यायला. पिशवी माझ्या हातात देऊन ती आत जायला निघाली.

"तुला काढलं असं कोण म्हणालं?" काकांनी ओट्यावर टेकत विचारलं.

"कोन नाय. पन मला म्हाईत हाय."

"काढायचं काम कंपनीचं. त्याचा त्यांना पगार आहे. ते काम तू फुकट कशाला करतेस?"

वनिताच्या आईला, सोमीबाईंना, तोंडाला पदर लावून हसू आवरेना. मला वाटतं, आजी गेल्यानंतर त्या घरातलं ते पहिलं हसू असावं. काकांनी वनिताला समोर बसवून चार वाक्यं पाठ करून घेतली. माझी आजी गेली. मी बारा दिवस घरी होते. कळवलं नाही, चुकलं. आज कामावर आले आहे. ती पाचवं वाक्य जोडायला लागली की काका हात वर करत. "आजारपण घालू नकोस, खोटं आहे. पाया पडू नकोस, गरज नाही. आणि रडायचंच असेल तर आत्ता इथं रडून घे, तुझ्या ताईची तीच नोकरी आहे."

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या गेटवर ते तिला म्हणाले, "गेटपर्यंत मी. आत तू." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते कधीही आत जात नसत, सुपरवायझरला फोन करत नसत, ओळख काढत नसत. ती आत गेली की रस्ता ओलांडून समोरच्या टपरीवर उभे राहायचे आणि मनगट उलटं करायचे. "अर्ध्या तासात माणूस बाहेर आला नाही की समजायचं, आत घेतलं." त्या दिवशी मीही सोबत होते. वनिता बाहेर आली नाही. अठ्ठावीस मिनिटं झाली असतील, आणि मी काकांचा दंडच धरला. "अजून दोन आहेत," ते म्हणाले, पण त्यांचेही डोळे गेटवरून हलत नव्हते.

परत येताना रिक्षात त्यांनी मला एकदाच एका माणसाबद्दल सांगितलं. त्यांच्या कारखान्यातला कामगार. चार दिवस न सांगता घरी राहिला. पाचव्या दिवशी आला आणि गेटसमोरच्या झाडाखाली उभा राहिला. "मी खिडकीतून त्याला बघतोय, तो मला बघतोय. मी खाडा लावला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच उभा. पुन्हा लावला. असं तीन दिवस. चौथ्या दिवशी आला नाही, तो कधीच नाही. मी नुसती हाक मारायची होती." मी त्यांना काही विचारलं नाही. एरवी मी विचारण्यात पटाईत आहे.

फाउंडेशनच्या फॉर्मात 'किती जण कामाला लागले' असा रकाना होता. 'किती जण परत गेले' असा नव्हता. काकांनी मॅडमना तो रकाना मागितला. मी म्हटलं, काका, छापील फॉर्म आहे. मॅडमनी मात्र पेन काढलं आणि समासात हाताने रेघ मारून दिली. तीन वर्षं आम्ही तो समास भरत राहिलो, आणि मला आता कबूल करायला हरकत नाही, आमच्या सगळ्या अहवालात खरं काम तेवढ्या समासात होतं.

त्याच काळात दर गुरुवारी मी वनिताच्या वाडीवर बायकांची बैठक घ्यायची. सोमीबाईंच्या ओट्यावर. सोमीबाई स्वतः वर्षभर काही बोलल्या नाहीत. चहा द्यायच्या, खांबाला टेकून ऐकायच्या, उठून जायच्या. आणि एका गुरुवारी, बाकीच्या बायका गेल्यावर, त्या माझ्याजवळ सरकल्या आणि बोलायला लागल्या. काय ते मी सांगणार नाही. काकांनी चेष्टा केलेल्या माझ्या नियमांपैकी हा एक मी अजून पाळते. पण ज्या गोष्टीला बाई वर्षानुवर्षं हात लावत नाही, तिचं टोक त्यांनी त्या दिवशी धरलं होतं. अंधार पडायच्या आत मला खाली उतरायचं होतं, म्हणून त्या मध्येच थांबल्या. "बाकीचं पुडल्या गुरवारी सांगते," म्हणाल्या.

पुढला गुरुवार आलाच नाही. फाउंडेशनचं पत्र त्या बैठकीच्या दोन दिवस आधीच येऊन पडलं होतं. तीन वर्षं संपली, पुढची मदत आता दुसऱ्या जिल्ह्याला. पत्रात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, मुदत आम्हाला पहिल्यापासून ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती वाडीला. मी त्या गुरुवारी पत्र पर्समध्ये घेऊन सोमीबाईंसमोर बसले होते आणि बोलले नव्हते. पुढच्या वेळी सांगू, असं मनाशी म्हटलं. मग खोल्या रिकाम्या करण्यात एक आठवडा गेला, कर्जतच्या शाळेत नोकरी धरण्यात एक. महिना झाल्यावर वाटायला लागलं, आता कुठल्या तोंडाने जायचं? तीन महिन्यांनी वाटलं, त्या विसरल्या असतील. केंद्रातल्या मुलांना मी जे शिकवत होते ते सगळं मला येत होतं, आणि मी स्वतः खाडाच करत होते.

काकांचे गुडघे तोवर पार गेले होते. मुलगा त्यांना पुण्याला न्यायला आला, त्या दिवशी मी खोपोलीला त्यांच्या घरी भेटायला गेले. सामान गाडीत चढत होतं. काका खुर्चीत बसून होते.

"वाडीवर गेलीस का?"

"जाईन हो काका. पुढच्या आठवड्यात."

त्यांनी मनगट उलटं केलं नाही. नुसतं म्हणाले, "गेटपर्यंत येऊ का?"

"अहो, मी काय वनिता आहे?" असं म्हणून मी हसले. ते हसले नाहीत. गाडी वळेपर्यंत मी हात हलवत उभी राहिले आणि घरी येताना स्वतःची इतकी चीड आली की बस.

अकरा महिन्यांनी दुसऱ्या एका ट्रस्टने आमचं काम उचललं. तेच काम, त्याच वाड्या, पुन्हा तीन वर्षं. शाळेतली नोकरी सोडताना मला एका क्षणाचाही विचार करावा लागला नाही, पण वाडीच्या पायवाटेपाशी उतरले आणि चढायचं सोडून रस्त्याकडेच्या दगडावर बसले. पाणी प्यायले. बाटली संपली. परत जायची रिक्षा समोर उभी होती, तीत दोन जागा रिकाम्या होत्या, आणि मी त्या दोन जागांकडे बघत होते. तेवढ्यात पहिली पाळी करून वनिता टेंपोतून उतरली. अंगात तोच कंपनीचा टी-शर्ट, आता बाहीवर लाइन लीडरची पट्टी. तिने मला पाहिलं, रिक्षाकडे पाहिलं आणि ओळखलं.

"चला ताई," ती म्हणाली. "ओट्यापरेंत मी. पुडं तुमी."

अर्ध्या तासाच्या चढणीत मी मनात वाक्यं जुळवली. पैसे संपले होते. मला कळवता आलं असतं. मी कळवलं नाही, चुकलं. आज आले आहे. ओट्यावर सोमीबाई तांदूळ निवडत होत्या. मी पहिलं वाक्य म्हणायला तोंड उघडलं.

"आलात? बसा," त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "संपली का रजा?"

मला कळेचना. "कसली रजा?"

"टाइमकीपर आलते ना. तुमची पाटी काडली त्याच म्हयन्यात. गुडगं धरून धरून चढले बिचारे, मदी चार टायमाला बसले. बोलले, ताई रजेव हाय. म्हयना लागंल, वरीस लागंल, येईल. तवर तिचा खाडा लावू नका." सोमीबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "आमी नाय लावला."

मी ओट्यावरच बसले आणि रडले. बायकांसमोर समुपदेशकाने रडू नये असं आम्हाला शिकवलेलं आहे. अकरा महिने छातीवर जो धोंडा घेऊन फिरत होते तो उतरला होता, आणि इतकं हलकं वाटत होतं की हात कुठे ठेवावेत ते सुचत नव्हतं. वनिता आतून पाणी घेऊन आली. "रडायचं तर हितंच रडून घ्या," म्हणाली, आणि मायलेकी दोघी हसल्या.

वाडीमागच्या आंब्यापाशी फोनला रेंज येते. तिथे जाऊन मी पुण्याला फोन लावला.

"काका, माझी रजा कुणी मंजूर केली?"

"टाइमकीपर मंजूर करत नाही. नोंदवतो." आणि मग, "आत घेतलं?"

"घेतलं."

पलीकडून मोठा श्वास सोडल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं. अर्धा तास नाही, अकरा महिने हा माणूस टपरीवर उभा होता. "बरं झालं," ते म्हणाले. "पण अर्ज नव्हता तुझा. ह्या वेळी जायच्या आधी सांग."

मी ओट्यावर परत आले तेव्हा आणखी चार-पाच बायका जमल्या होत्या. गुरुवार नव्हता, तरी जमल्या होत्या. मी बसले आणि सगळ्यांत आधी तेच सांगितलं. हे पैसे तीन वर्षांचे आहेत. तीन वर्षांनी संपतील. पुढे मिळतील की नाही, मला माहीत नाही. ज्या दिवशी मला कळेल, त्या दिवशी इथे येऊन सांगेन. चारही वाक्यं पुरी झाली.

एकीने मान डोलावली. चहा आला, कप फिरले, मुलांना अंगणात हाकललं गेलं. हळूहळू बायका उठल्या, घरोघरी गेल्या. मग सोमीबाईंनी खांबाचा टेका सोडला आणि त्या माझ्याजवळ सरकल्या.

"तर मी काय सांगत व्हते, ताई," त्या म्हणाल्या.